कपाळ कुणापुढे टेकवायचं?

विसरवाडी मागे पडली की सुरत–धुळे महामार्ग कोंडाईबारीचा घाट चढतो आणि दहिवेलवरून साक्रीला येतो. सुरत बंदराचा भरभराटीचा काळ होता तेव्हा किनाऱ्यावरून आत शिरणाऱ्या वाटा याच डोंगरांतून वर येत. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याने सुरतेहून गोवळकोंड्याला जायचे मुक्काम लिहून ठेवले आहेत. त्यांत नवापूरच्या पुढे पिंपळनेर आहे. दुसरी वाट जरा उत्तरेने जाई. नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे मुक्काम करत ती तापीच्या काठाने बुऱ्हाणपूर गाठी. बुऱ्हाणपूर तेव्हा खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं होतं आणि दख्खनवर नजर ठेवणारी मोगली छावणीही तिथेच होती.

१६१५ च्या नोव्हेंबरात सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील सुरतेहून अजमेरला निघाला होता. वाटेत तो बुऱ्हाणपूरला थांबला. जहांगीरचा मुलगा परवेझ तिथे होता, त्याची भेट घेणं भाग होतं. दरबारात शिरताना कोतवालाने रोला बजावलं की टोपी काढा आणि डोकं जमिनीला टेकवा. रो म्हणाला, मी मानाने शाहजाद्याला भेटायला आलो आहे, चाकरांची रीत मला लागू नाही. तो तसाच कठड्यापर्यंत गेला आणि आपल्या पद्धतीने झुकला. परवेझनेही थोडी मान लवून त्याला उत्तर दिलं. मग रोने पायऱ्या चढून वर उभं राहण्याची परवानगी मागितली. उत्तर आलं की इराणचा शाह किंवा तुर्कांचा सुलतान आला तरी त्याला ती मिळणार नाही. त्याने खुर्ची मागितली. या जागी आजवर कुणी बसलेलं नाही, असं त्याला सांगण्यात आलं. शेवटी मेहरबानी म्हणून छताला आधार देणाऱ्या, चांदीने मढवलेल्या एका खांबाला टेकून उभं राहायची मुभा मिळाली.

हा निव्वळ मानापमानाचा प्रसंग वाटेल. पण रोचा धनी, राजा पहिला जेम्स, हा राजसत्तेवर ग्रंथ लिहिणारा माणूस होता. राजाला सत्ता थेट देवाकडून मिळते, प्रजेकडून नाही आणि पोपकडूनही नाही, हे त्याने १५९८ सालीच लिहून ठेवलं होतं. राजे हे पृथ्वीवर देवाचे प्रतिनिधी असतात, असं त्याने १६१० साली पार्लमेंटला तोंडावर ऐकवलं. इकडे परवेझचा बाप स्वतःला ईश्वराची सावली म्हणवत होता. दोन्ही दरबारांचं एका गोष्टीवर एकमत होतं: खरं राज्य देवाचं आहे. अडचण तिथून खाली सुरू होत होती. देवाचं राज्य माणसाच्या हाती कसं येतं, आणि आल्यावर त्याच्यापुढे किती वाकायचं?

या प्रश्नाचं एक तयार उत्तर आपल्याकडे फिरत असतं. इस्लाममध्ये धर्म आणि राज्य एकच, ख्रिस्ती धर्मात ती दोन वेगळी. शाळा-कॉलेजातही हे वाक्य ऐकू येतं. मला ते चुकीचं वाटतं, आणि ते का चुकीचं आहे हे समजून घ्यायला बगदाद किंवा रोमपासून सुरुवात करण्याची गरज नाही. खानदेशातली दोनशे-अडीचशे वर्षं नीट पाहिली तरी पुरे.

थाळनेरचं वतन

शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर आहे. तिथल्या जुन्या कबरी फारुकी घराण्याच्या आहेत. या घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये त्याला थाळनेर आणि करवंदचा मुलूख जहागीर म्हणून दिला. फिरोजशाहला तो देण्याचा अधिकार कुठून आला, हे विचारत वर गेलं की एक लांबलचक साखळी लागते.

अकराव्या शतकात बगदादचा कायदेपंडित अल्-मावर्दी याने राज्यकारभारावर ग्रंथ लिहिला. खलिफा हा पैगंबराचा वारस, पण पैगंबर नव्हे. त्याच्यावर वही, म्हणजे देवाचा संदेश, येत नाही, नवा धर्मनियम करायचा त्याला हक्क नाही. धर्माचं रक्षण आणि जगाचा कारभार ही त्याची दोन कामं. तो या जागी येतो तो बैअतने, म्हणजे हातावर हात ठेवून दिलेल्या निष्ठेच्या वचनाने. वचन म्हटलं की त्याला दोन बाजू आल्या. हा एक प्रकारचा करार आहे आणि करारावर कायदा लागू होतो. इस्लामी राज्यविचाराचा कणा मला इथे दिसतो. देवाची सत्ता माणसांपर्यंत पोचते ती कायद्याच्या रूपाने, शरियतच्या रूपाने. राजा कितीही मोठा असला तरी तो कायद्याखाली, आणि कायद्याचा अर्थ लावणारे उलेमा राजाचे पुजारी नसून विद्वान. त्यांना कुणी दीक्षा देत नाही, त्यांची उतरंड नसते, त्यांच्या शिखरावर पोप नसतो.

प्रत्यक्षात तलवारवाले सुलतान पुढे आले आणि खलिफाच्या हाती नाव तेवढं उरलं. गझालीसारख्या विचारवंताने या वस्तुस्थितीशी तडजोड केली: ज्याच्या हाती बळ आहे त्याने खलिफाला मान द्यावा, खलिफाने त्याला मान्यता द्यावी, अराजकापेक्षा हे बरं. १२५८ मध्ये मोंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं. त्यानंतर अब्बासी घराण्यातला एक खलिफा कैरोत मामलुक सुलतानांच्या आश्रयाने बसवण्यात आला. सत्ता शून्य, पण शिक्का चालत होता. दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाने त्या दूरच्या खलिफाचं नाव आपल्या नाण्यांवर घातलं, आणि फिरोजशाहला कैरोहून मान्यतेची वस्त्रं आली. म्हणजे तापीकाठचं एक वतन कागदोपत्री नाईल नदीपर्यंत जाऊन भिडत होतं.

मलिक राजाने १३८२ च्या सुमारास दिल्लीला खंडणी पाठवणं थांबवलं. त्याने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला नाही, राज्याभिषेकही केला नाही. इस्लामी राज्यांत सत्ता कुणाची हे दोन ठिकाणी कळत असे. जुम्म्याच्या नमाजात खुत्बा वाचताना कुणाचं नाव घेतलं जातं, आणि टांकसाळीत नाणं कुणाच्या नावाने पडतं. दुसरं काही पाहायची गरज नसे. फारुकींच्या बाबतीत हे वारंवार बदलत राहिलं, कारण गुजरात, माळवा आणि बहमनी अशा तीन दांडग्या शेजाऱ्यांच्या बेचक्यात हे राज्य होतं. मलिक राजाचा मुलगा नासिरखान याने असीरगड घेतला, भावाकडून थाळनेर काढून घेतलं, तरी गुजरातच्या सुलतानापुढे त्याला नमतं घ्यावं लागलं. बहमनी सैन्याने त्याला हरवलं तेव्हा तो धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यात जाऊन बसला आणि १४३७ मध्ये तिथेच वारला.

या घराण्याला एकदा मोठी संधी आली, ती मात्र पोर्तुगिजांमुळे. १५३७ च्या फेब्रुवारीत दीवच्या समुद्रात पोर्तुगिजांशी झालेल्या चकमकीत गुजरातचा सुलतान बहादूरशाह मारला गेला. त्याला मुलगा नव्हता. त्याच्या बहिणीचा मुलगा मीरान मुहम्मद फारुकी खानदेशच्या गादीवर होता. गुजरातच्या सरदारांनी त्याच्या नावाने खुत्बा वाचला, नाणी पाडली, आणि राज्य हाती घ्यायला निघालेला मीरान मुहम्मद वाटेतच वारला. अहमदाबादेत पाऊल न टाकता तो गुजरातचा सुलतान झाला होता. खुत्बा आणि सिक्का यांत केवढं बळ होतं, हे यावरून लक्षात यावं.

खिरका

खुत्बा-सिक्क्यापलीकडे फारुकींकडे आणखी एक ठेवा होता. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की दौलताबादचे सूफी शेख झैनुद्दीन यांनी मलिक राजाला आपला खिरका, म्हणजे फकिराचा झगा, दिला होता. तो पिढ्यान् पिढ्या प्रत्येक वारसाकडे जात राहिला. नासिरखानाने तापीच्या एका काठावर शेख बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने बुऱ्हाणपूर वसवलं आणि समोरच्या काठावर झैनुद्दीन यांच्या नावाने झैनाबाद. ज्याला खलिफाची वस्त्रं मिळणं शक्य नव्हतं, त्याने फकिराच्या वस्त्रातून मान्यता मिळवली.

पण हे झैनुद्दीन कुठल्याही राजाला आशीर्वाद देत सुटणारे नव्हते. फिरिश्तानेच त्यांची दुसरी हकिगत दिली आहे. बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशाह याच्या गादीला राज्यातल्या सगळ्या शेखांनी बैअत दिली, झैनुद्दीननी दिली नाही. सुलतान दारू पितो, शरियत उघड मोडतो, त्याला निष्ठेचं वचन कसं द्यायचं? दौलताबादचं बंड मोडून सुलतान तिथे आला तेव्हा त्याने निरोप पाठवला: दरबारात या, नाही तर वचन लिहून द्या. झैनुद्दीननी एक गोष्ट सांगून पाठवली. एक विद्वान, एक सय्यद आणि एक हिजडा असे तिघे परक्यांच्या तावडीत सापडले. मूर्तीपुढे डोकं टेका, नाही तर मरा, असं त्यांना सांगण्यात आलं. विद्वानाने जिवावर बेतलं तर चालतं असा कायद्याचा आधार काढून डोकं टेकलं. सय्यदाने पैगंबराच्या वंशाच्या भरवशावर टेकलं. हिजडा म्हणाला, माझ्याकडे ना विद्या, ना वंश. मी कशाच्या आधारावर टेकू? त्याने नकार दिला. शेखनी शेवटी कळवलं की मी त्या हिजड्यासारखा आहे. काय करायचं ते करा, मी येणार नाही आणि वचनही देणार नाही. सुलतानाने त्यांना शहर सोडायला सांगितलं, ते आपल्या गुरूंच्या कबरीपाशी, खुलदाबादला, काठी रोवून बसले; शेवटी सुलतानालाच नमतं घेऊन दारूची दुकानं बंद करावी लागली.

या हकिगतीतला कुठला तपशील फिरिश्ताच्या लेखणीने रंगवला असेल, हे सोडून देऊ. राजाला रोखण्याची इस्लामी परंपरेतली रीत तिच्यात स्पष्ट दिसते. शेखांकडे सैन्य नाही, पद नाही, सुलतानाला पदच्युत करणारं फर्मान काढायची सोय नाही. त्यांच्या हाती आहे तो फक्त नकार. एका माणसाचा, पण सगळ्यांना ऐकू जाणारा.

रोमची गोष्ट वेगळी

ख्रिस्ती धर्माची पहिली तीनशे वर्षं राज्याशिवाय गेली. येशूने कैसराचं कैसराला आणि देवाचं देवाला द्यायला सांगितलं. संत पौलाने लिहिलं की प्रत्येक सत्ता देवाच्याच नेमणुकीने असते. या दोन वचनांत ताण आहे आणि त्या ताणातून युरोपचं राजकारण हजार वर्षं घडत राहिलं. इस्लामी समाज आणि इस्लामी राज्य मदिनेत जवळजवळ एकत्र जन्मले. ख्रिस्ती समाज मात्र परक्या साम्राज्याच्या पोटात आपली स्वतःची संघटना बांधून बसला होता, बिशप, परगणे, न्यायनिवाडे यांसकट. सम्राट ख्रिस्ती झाला तेव्हा एकाच घरात दोन कारभारी झाले.

४९४ साली पोप गेलासियसने सम्राटाला पत्र लिहून बजावलं की जगावर दोन सत्ता चालतात, धर्मगुरूंची आणि राजांची, आणि धर्मगुरूंचं ओझं जास्त जड आहे, कारण देवापुढे राजांचा जबाब त्यांनाच द्यायचा आहे. जबाबदारी कुणाची जास्त यावरून हुकूम कुणाचा चालणार, हा वाद पुढे पेटला. १०७७ च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री कानोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस प्रायश्चित्त घेत उभा राहिला. बिशप नेमायचे कुणी, राजाने की पोपने, हे भांडण होतं, आणि पोप सातवा ग्रेगरी याने हेन्रीला धर्मबाह्य करून त्याच्या प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं होतं. १३०२ मध्ये पोप आठवा बोनिफेस तर म्हणाला की दोन्ही तलवारी चर्चच्याच आहेत. एक चर्च चालवतं, दुसरी चर्चच्या वतीने राजे चालवतात.

झैनुद्दीन आणि ग्रेगरी यांना शेजारी ठेवून पाहा. दोघांनीही राजाला निष्ठा नाकारली. पण ग्रेगरीकडे एक अख्खी संस्था होती, तिचे कायदे, तिची न्यायालयं, तिचे वकील. तो राजाच्या प्रजेला राजापासून तोडू शकत होता. दौलताबादच्या शेखांना ते करता येत नव्हतं आणि त्यांना ते करायचंही नव्हतं. म्हणून मी म्हणतो की ते नेहमीचं वाक्य उलटं आहे. धर्माची स्वतंत्र राजकीय सत्ता ही ख्रिस्ती युरोपात उभी राहिली आणि तिच्याशी झगडता झगडता राजांनी ‘सार्वभौमत्व’ नावाची कल्पना घडवली. इस्लामी जगात धर्माचं स्वतंत्र सरकार नव्हतंच. राजाला ज्याच्याकडून सत्ता हिसकावून घ्यावी असा समोर कुणी नव्हता. तिथे प्रश्न पडायचा तो वेगळा: कायद्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार कुणाचा?

पोपची सत्ता आपल्या किनाऱ्यावरही पोचली. १४५५ मध्ये पोप पाचवा निकोलस याने पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि त्यापलीकडे जिंकलेल्या मुलखांवर हक्क दिला, त्यासोबत तिथे चर्च चालवायचा अधिकारही दिला. गोव्यात, वसईत, चौलात बिशप आणि पाद्री जे काम करत ते या ‘पाद्रोआदो’खाली, म्हणजे पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाने. मुंबई इंग्रजांकडे गेल्यावर पोपने तिथे आपले वेगळे अधिकारी नेमले आणि भांडण सुरू झालं. १७९४ पासून १९२८ पर्यंत मुंबईच्या कॅथलिकांवर दोन वेगवेगळे बिशप हक्क सांगत होते. कुठलं गाव, कुठलं चर्च कुणाच्या ताब्यात, यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. १८५३ साली पोपचे बिशप हार्टमन माहीमच्या चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेऊन बसले होते आणि बाहेर पाद्रोआदोवाल्यांनी वेढा दिला होता. दोन्ही बाजू एकाच देवाच्या, एकाच पोपच्या. वाद फक्त हुकमतीचा.

त्याच परंपरेतून पोपच्या दाव्याला उत्तरही निघालं, हे विसरून चालणार नाही. स्पेनमधला डोमिनिकन धर्मपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने १५३९ मध्ये सालामांका विद्यापीठात सांगितलं की पोप हा साऱ्या जगाचा मालक नाही, आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी ख्रिस्ती नसले तरी आपल्या भूमीचे खरे धनी आहेत. जेझुइट फ्रान्सिस्को सुआरेझने १६१३ मध्ये जेम्सला उत्तर देताना लिहिलं की देव सत्ता थेट राजाला देत नाही. ती आधी समाजाला मिळते आणि समाज राजाच्या हाती सोपवतो. जेम्सने ते पुस्तक लंडनमध्ये जाळलं. परवेझपुढे डोकं टेकवायला नाकारणारा रो दोन वर्षांनी बुऱ्हाणपुरात आला तो याच राजाचा वकील म्हणून.

असीरगड

आता पुन्हा तापीकडे. १५७९ मध्ये अकबराने उलेमांकडून एक महजर, म्हणजे सह्यांचा जाहीरनामा, लिहून घेतला. न्यायी सुलतानाचा दर्जा देवाच्या दृष्टीने मुज्तहिदापेक्षा, म्हणजे कायद्याचा अर्थ लावणाऱ्या विद्वानापेक्षा, वरचा आहे. विद्वानांत मतभेद झाला तर लोकहिताचं मत सुलतान निवडील आणि ते सगळ्यांवर बंधनकारक राहील. मात्र ते कुराणाच्या स्पष्ट वचनाविरुद्ध असता कामा नये. तीन वर्षं आधी, १५७६ मध्ये, फ्रान्समध्ये झाँ बोदाँने सार्वभौमत्वाची व्याख्या केली होती: राज्यातली अखंड आणि सर्वोच्च सत्ता, जिच्यावर दुसऱ्या कुणाचा हुकूम चालत नाही. दोघांना एकमेकांची खबर नव्हती. पण बोदाँ धर्मयुद्धांनी फाटलेल्या देशात लिहीत होता आणि अकबराच्या राज्यातही एकाच धर्माची प्रजा नव्हती. धर्मपंडितांचे वाद राज्य फोडतात, म्हणून शेवटचा शब्द राजाचा, या निष्कर्षावर दोघे आपापल्या वाटेने आले. फरक असा की बोदाँचा राजा चर्च नावाच्या संस्थेपुढे आपली हद्द आखत होता, अकबराने स्वतःला कायद्याच्या अर्थाच्या दालनात नेऊन बसवलं.

खानदेशचा राजा अलीखान, म्हणजे आदिलशाह फारुकी, याने हे वारं ओळखलं होतं. बुऱ्हाणपूरच्या त्याच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे. त्याची सुरुवात सृष्टीच्या कर्त्याला वंदनाने होते, पुढे फारुकी राजांची वंशावळ येते, आणि काळ दिला आहे तो विक्रम संवत १६४६, शके १५११. देवाचं नाव असं निवडलं आहे की मशिदीत ते शोभावं आणि पंचांग पाहणाऱ्यालाही परकं वाटू नये. मला हा शिलालेख खानदेशच्या राजकीय विचारातला सर्वांत देखणा दस्तऐवज वाटतो.

१५९१ मध्ये अकबराने कवी फैजीला वकील म्हणून त्याच्याकडे पाठवलं. फैजीने बादशाहाला पाठवलेला वृत्तांत उपलब्ध आहे. त्याने तंबूत एक तख्त मांडलं, त्यावर बादशाही तलवार, खिलअत, म्हणजे मानाची वस्त्रं, आणि फर्मान ठेवलं. राजा अलीखान दूरवर घोड्यावरून उतरला, अदबीने चालत आला, तसलीम करून त्याने फर्मान दोन्ही हातांनी घेतलं आणि डोक्याला लावलं. तो म्हणाला की सांगाल तर बादशाहासाठी हजार सिजदे करीन, म्हणजे हजारदा कपाळ जमिनीला टेकवीन. फैजीने त्याला थांबवलं. निष्ठावंतांची भावना अशीच असते, पण बादशाहाला हे मंजूर नाही. दरबारातले लोक भक्तीने सिजदा करायला गेले तरी तो मना करतो, कारण सिजदा फक्त देवाला.

पुढे १५९७ मध्ये राजा अलीखान मोगलांच्या बाजूने दख्खनच्या फौजांशी लढताना मारला गेला. त्याचा मुलगा बहादूर याने बापाचं धोरण सोडलं आणि तो असीरगडावर जाऊन बसला. १६०० मध्ये अकबर स्वतः बुऱ्हाणपुरात आला. छावणीत जेझुइट पाद्री जेरोम झेवियर होता, संत फ्रान्सिस झेवियरच्या नात्यातला. गड तोफांशिवाय पडेना, तेव्हा अकबराने त्याला सांगितलं की चौलच्या पोर्तुगिजांना तोफा आणि दारूगोळ्यासाठी लिही. झेवियरने नकार दिला. हे ख्रिस्ती धर्माला धरून नाही, असं कारण दिलं. अकबर संतापला आणि काही काळ पाद्र्यांना दरबार बंद झाला. इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ यांना यामागे धर्मापेक्षा राजकारण दिसलं, कारण पोर्तुगिजांचा खानदेशशी सलोखा होता. मला वाटतं, झेवियरपुरता हा भेद करता येणार नाही. त्याचा धर्म पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाने चालत होता. ‘धर्म वेगळा, राज्य वेगळं’ असं त्याच्या बाबतीत कसं म्हणायचं?

गडाचं काय झालं याच्या दोन हकिगती आहेत. मोगली इतिहासकार गडावरच्या रोगराईवर भर देतात. जेझुइटांच्या पत्रांवरून लिहिलेला दु जारिक या जेझुइट लेखकाचा वृत्तांत वेगळा आहे. त्याप्रमाणे अकबराने स्वतःच्या डोक्याची शपथ घेऊन सुखरूप परत जाऊ देण्याचं वचन दिलं आणि बहादूरला खाली बोलावलं. शरणागतीची खूण म्हणून गळ्यात वस्त्र घालून बहादूर आला. त्याने तीनदा झुकून मुजरा केला. तेवढ्यात एका मोगल सरदाराने त्याचं डोकं धरून त्याला खाली पाडलं आणि पुरता सिजदा करायला लावला. बहादूरला परत जाऊ दिलं नाही. १६०१ च्या जानेवारीत गड पडला. आत सापडलेल्या पोर्तुगिजांना झेवियरने बादशाहाकडून मागून घेतलं.

दु जारिकचं लिखाण पाद्र्यांच्या बाजूचं आहे, हे धरूनच ते वाचलं पाहिजे. तरीही फैजीचा तंबू आणि असीरगडाचा पायथा यांत दहा वर्षांचंही अंतर नाही, आणि एका घराण्यातल्या बापाला जे करू दिलं नाही तेच मुलाकडून मान धरून करून घेतलं. सिद्धांत बदलला नव्हता. गरज बदलली होती. सत्ता देवाची म्हणणारा राजा जिंकतो तेव्हा देवाच्या वाट्याचं वंदन स्वतःकडे वळवायला त्याला फार वेळ लागत नाही, आणि हे ख्रिस्ती युरोपातही तेवढंच खरं होतं. सिजद्याची रीत शाहजहानने गादीवर आल्यावर बंद केली, आणि ती उलेमांच्या आक्षेपाला मान देऊनच.

झेवियरने पुढे १६०९ मध्ये जहांगीरला फारसीत एक ग्रंथ अर्पण केला, ‘आदाबुस्सल्तनत’. राजाने देवाशी, स्वतःशी, अधिकाऱ्यांशी आणि प्रजेशी कसं वागावं, असे त्याचे भाग आहेत. राजांना शहाणपण शिकवणारे ग्रंथ ही फारसी साहित्याची जुनी परंपरा. जेझुइट पाद्र्याने तिच्यात ख्रिस्ती विचार ओतला आणि मोगल दरबारात तो अनोळखी वाटला नाही. राजा हा विश्वस्त आहे, प्रजा ही त्याच्याकडे सोपवलेली ठेव आहे, हे दोन्हीकडे मान्य होतं. असीरगडाच्या पायथ्याशी जे पाहिलं ते विसरून झेवियरने हे लिहिलं नसणार.

देव कुणाच्या बाजूने मत देतो

इंग्रज आले तेव्हा खुत्बा नव्हता, तह होता. जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेशातला आपला मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला दिला. थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला द्यायला नकार दिला, तेव्हा इंग्रज सेनापती सर टॉमस हिस्लॉपने त्याला बंडखोर ठरवून फाशी दिलं. ज्या कागदाची खबर किल्ल्यापर्यंत धड पोचलीही नसेल त्या कागदाने तो बंडखोर ठरला होता. कंपनीची नाणी मात्र १८३५ पर्यंत मोगल बादशाह शाह आलमच्या नावाने पडत राहिली. सिक्क्याचं महत्त्व इंग्रजांनाही कळत होतं.

विसाव्या शतकात जुना प्रश्न नव्या रूपात आला, कारण आता समोर राजा नव्हता, लोक होते. सगळी सत्ता फक्त अल्लाहची, म्हणून लोकांचं सार्वभौमत्व इस्लामला मान्य नाही, असं मांडणारे अबुल आला मौदूदी १९०३ मध्ये औरंगाबादेत जन्मले. झैनुद्दीन यांच्या खुलदाबादपासून ते शहर फार दूर नाही. दोघांच्या विचारातलं अंतर मात्र मोठं आहे. जुन्या परंपरेत देवाची सत्ता म्हणजे राजावरचा लगाम. कायदा विद्वानांच्या अनेक मतांतून घडे आणि राज्याच्या हातात पुरता कधीच येत नसे. मौदूदींनी बोदाँची व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी घेतली आणि तिथे राजाच्या जागी देवाला बसवलं. मग त्या सर्वोच्च सत्तेच्या नावाने चालणारं आधुनिक राज्य केवढं बलाढ्य होईल, ही भीती त्यांच्या टीकाकारांनी बोलून दाखवली, आणि ती भीती मला रास्त वाटते. देवबंदचे मौलाना हुसैन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये वेगळी वाट दाखवली: एका देशातले वेगवेगळ्या धर्मांचे लोक करार करून एक राष्ट्र होऊ शकतात, आणि असा करार पैगंबराने मदिनेत स्वतः केला होता.

मार्च १९४९ मध्ये पाकिस्तानच्या संविधान सभेने उद्दिष्टांचा ठराव केला, त्यात साऱ्या विश्वाचं सार्वभौमत्व अल्लाहचं असल्याचं म्हटलं. बारा वर्षं आधी, १९३७ च्या आयरिश संविधानाने सर्व सत्ता पवित्र त्रैक्याकडून येते असं लिहिलं होतं. आयर्लंड ख्रिस्ती, पाकिस्तान मुस्लिम, आणि वाक्य जवळजवळ तेच.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. देवाला मतदानाला लावू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जी यांनी केली. तरीही मतदान झालं: बाजूने ४१, विरोधात ६८. विरोधात मत देणाऱ्यांत श्रद्धाळू माणसं पुष्कळ होती. ‘आम्ही भारताचे लोक’ हे शब्द उद्देशिकेच्या सुरुवातीला राहिले, आणि देवाला जागा मिळाली ती तिसऱ्या अनुसूचीत, शपथेच्या नमुन्यात. साक्रीचा आमदार असो की देशाचा मंत्री, त्याने ईश्वरसाक्ष शपथ घ्यायची की गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कोतवाल शेजारी उभा राहून सांगणार नाही.